हिशोब थोरल्यांचा, वसुली लेकीकडून: तुर्की जिन्नपटांबद्दल

'दाब्बे: जिन चार्पमासी' मी पहिल्यांदा बघितला तो हॉस्टेलच्या खोलीत, रूममेटच्या मोबाइलवर. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. सबटायटल्स अधूनमधून गायब व्हायची. मे महिना होता आणि लाइट गेले होते. दोन तासांहून लांब असलेला हा सिनेमा आम्ही एका बैठकीत संपवला. रूममेट पुढचे आठ दिवस रात्री बाथरूमला एकटी गेली नाही.

मला भीती वाटली ती वेगळ्या जागी. झपाटलेली कुब्रा किंचाळते तेव्हा नाही. ती किंचाळायची थांबते आणि घरातली माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागतात, तेव्हा. तो हळू आवाज माझ्या ओळखीचा होता. मी दहा वर्षांची असताना मावशीच्या घरी बाहेरून कडी घातलेल्या एका खोलीसमोर बसून मी तो ऐकला होता. आत माझी मावसबहीण होती. लग्न होऊन सहा महिन्यांत माहेरी परत आलेली.

तिच्याबद्दल शेवटी सांगते. तिला विचारूनच सांगतेय. आधी सिनेमे, कारण त्यानंतर मी हे सिनेमे शोधशोधून बघितले, आणि ते मला आवडतात. मग ते मला इतका त्रास का देतात, हा या लेखाचा प्रश्न आहे. (पुढे शेवट फुटणार आहेत. ज्यांना चालत नाही त्यांनी सिनेमे बघून परत यावं.)

तीन अक्षरंवाले

तुर्कस्तानात अनेक जण 'जिन' हा शब्द मोठ्यानं उच्चारत नाहीत. त्याऐवजी म्हणतात 'उच हार्फलिलेर', म्हणजे 'तीन अक्षरंवाले'. तुर्की लिपीत तो शब्द तीन अक्षरांचा आहे, आणि नाव घेतलं की तो येतो अशी समजूत आहे. आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणायची पद्धत आहे, त्यातलाच प्रकार. २०१० मध्ये 'उच हार्फलिलेर: मारिद' नावाचा सिनेमाही आला.

हा तीन अक्षरंवाला आपल्या भुतांसारखा नाही. आपला मुंजा, आपली हडळ ही मेलेली माणसं. काहीतरी राहून गेलं म्हणून अडकलेली. जिन्न मेलेला नसतो. कुराणानुसार माणूस मातीपासून घडला, तर जिन्न धूर नसलेल्या आगीपासून. कुराणातल्या बहात्तराव्या सूराचं नावच 'जिन्न' आहे. त्यांच्यात श्रद्धावान असतात तसे श्रद्धा नसलेलेही. लोकसमजुतीत ते लग्नं करतात, त्यांना मुलंबाळं होतात, ते मरतात. उकळतं पाणी जमिनीवर ओतण्याआधी देवाचं नाव घ्यावं, नाहीतर एखाद्या जिन्नाचं पोर भाजेल, असं जुन्या बायका सांगतात. थोडक्यात, जिन्न हा न दिसणारा शेजारी आहे. शेजाऱ्याशी जे होऊ शकतं ते सगळं त्याच्याशी होऊ शकतं: प्रेम, भांडण, व्यवहार, सूड.

हा फरक लक्षात आला की तुर्की भयपटांची वाट हॉलीवूडपेक्षा वेगळी का, हे कळतं. 'द एक्झॉर्सिस्ट'मधल्या सैतानाला मुलीशी काही देणंघेणं नाही. त्याचं भांडण देवाशी आहे, मुलगी फक्त रणांगण. जिन्नाला मात्र कुणीतरी बोलावलेलं असतं, दुखावलेलं असतं किंवा काहीतरी कबूल केलेलं असतं. त्यामुळे तुर्की सिनेमात 'हा कोण आहे?' या प्रश्नापेक्षा 'याला कुणी आणलं?' हा प्रश्न मोठा ठरतो. आणि उत्तर जवळजवळ नेहमीच घरात सापडतं.

सैतानाचे कपडे बदलले

हे तुर्की सिनेमाला सुरुवातीलाच जमलं असं नाही. १९७४ मध्ये मेतिन एर्कसाननं 'शेयतान' काढला. एर्कसान साधासुधा दिग्दर्शक नव्हता. त्याच्या 'सुसुझ याझ'ला १९६४ मध्ये बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालं होतं. पण 'शेयतान' हा आदल्याच वर्षी आलेल्या 'द एक्झॉर्सिस्ट'चा जवळजवळ प्रसंगागणिक केलेला अवतार आहे. तीच आई, तीच मुलगी, तोच पलंग, तीच 'ट्युब्युलर बेल्स'ची धून. पवित्र पाण्याच्या जागी जमजमचं पाणी. आज लोक तो हसण्यासाठी बघतात.

मला त्यातली एक अडचण हसण्यापलीकडची वाटते. मूळ सिनेमात सैतान उतरवायला एक यंत्रणा आहे: चर्च, बिशपची परवानगी, ठरलेला विधी, दीक्षा घेतलेला पाद्री. इस्लाममध्ये असं चर्च नाही आणि असा पाद्रीही नाही. मग एर्कसानला कुणाला उभं करायचं कळत नाही. तो तरुण पाद्र्याच्या जागी एक लेखक आणतो, ज्यानं या विषयावर पुस्तक लिहिलंय. म्हणजे श्रद्धेनं झुंजणाऱ्या माणसाच्या जागी वाचून माहिती असलेला माणूस. शेवटी मुलगी मशिदीत जाते आणि सगळं ठीक होतं. कपडे बदलले, सैतान मात्र कॅथलिकच राहिला.

पुढची तीस वर्षं या वाटेनं फारसं कुणी गेलं नाही. मग २००४ मध्ये 'ब्यूयू' आला, म्हणजे 'करणी'. २००६ मध्ये हसन काराजादानं 'दाब्बे' काढला. काराजादा जपानमध्ये शिकलेला, आणि पहिल्या 'दाब्बे'वर कियोशी कुरोसावाच्या 'कैरो'ची सावली स्पष्ट दिसते. पण नाव कुराणातून आलंय: शेवटच्या काळात जमिनीतून निघणारा 'दाब्बा' नावाचा प्राणी. काराजादाच्या सिनेमात तो इंटरनेटच्या जाळ्यातून येतो. २००७ मध्ये आल्पेर मेस्तचीचा 'मुसल्लत', २०१४ मध्ये त्याचाच 'सिज्जीन'. या दोघांनी हा प्रकार रुळवला, आणि मग दर वर्षी असे सिनेमे येत राहिले. स्टार नाहीत, एक घर, एक गाव, हातातला कॅमेरा. बरेचसे टाकाऊ आहेत. पण चांगले आहेत ते खरंच चांगले आहेत.

न वाचता येणारी चिठ्ठी

यात एक वस्तू सतत दिसते: मुस्का. म्हणजे ताईत. घडी घातलेला कागद, त्यावर अरबी अक्षरं. गादीखाली सापडतो, उशीत सापडतो, थडग्यात सापडतो. आणि तो उघडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेळी एकच भाव असतो: यात काय लिहिलंय?

या प्रश्नामागे इतिहास आहे. १९२५ मध्ये नव्या तुर्की प्रजासत्ताकानं दर्गे-खानकाह बंद करणारा कायदा केला. त्याच कायद्यानं भविष्य सांगणं, करणी करणं, फुंकर मारून बरं करणं, ताईत लिहून देणं यांवरही बंदी आणली. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. एका पिढीच्या आत नातवंडांना आजोबांची पत्रं वाचता येईनाशी झाली. ज्यांच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद पडून आहेत त्यांना हे थोडंफार कळेल. कागद आपल्या घराचा, व्यवहार आपल्या माणसांचा, आणि तो आपल्याला वाचता येत नाही. जमिनीचा दस्त असेल किंवा कुणाला दिलेला शब्द असेल.

म्हणून या सिनेमांत शहरातला शिकलेला माणूस गावी जातो, तेव्हा तो फक्त भुताच्या नाही, न वाचलेल्या कागदांच्या प्रदेशात जातो. तिथं त्याला गाठ पडते ती होजाची. होजा म्हणजे गुरुजी. नसरुद्दीन होजातला तोच शब्द. पण तुर्की भाषेत 'जिन्नवाला होजा' ही शिवीसुद्धा आहे, भोंदू माणसासाठी. चांगले दिग्दर्शक हा संशय जिवंत ठेवतात. समोरचा होजा खरा आहे की गळ टाकून बसलाय, हे प्रेक्षकाला बराच वेळ कळत नाही.

नवरा परदेशी असताना

माझ्या मते या सगळ्यांतला सगळ्यात दुःखी सिनेमा 'मुसल्लत' आहे. सुआतचं नुकतंच लग्न झालंय. बायको नुरजानला गावी ठेवून तो कामासाठी बर्लिनला जातो. १९६१ मध्ये तुर्कस्तान आणि पश्चिम जर्मनी यांच्यात मजूर पाठवण्याचा करार झाला, तेव्हापासून लाखो घरांची ही गोष्ट आहे. बर्लिनमध्ये सुआतला काहीतरी छळायला लागतं. अर्धा सिनेमा आपण समजतो की ही एकट्या पडलेल्या मजुराच्या मनाची पडझड आहे. मग कळतं की नुरजानवर एका जिन्नाचं मन बसलं होतं, आणि सुआत तिकडे असताना तो सुआतचं रूप घेऊन इकडे तिच्याबरोबर संसार करत होता.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. विजयदान देथांची 'दुविधा', त्यावरचा मणी कौलचा १९७३ चा सिनेमा, आणि अमोल पालेकरांचा 'पहेली' (२००५). व्यापाराला गेलेला नवरा आणि त्याच्या रूपात आलेलं भूत. पण फरक बघा. 'पहेली'तलं भूत नव्या नवरीला पहिल्याच रात्री खरं सांगतं. ती विचार करते आणि त्याला ठेवून घेते. निवड तिची असते. नुरजानला कुणी काही सांगत नाही. तिला वाटतं नवरा परत आला. गोष्टीत तिच्या इच्छेला कुठेच जागा नाही, आणि सगळं तिच्याच शरीरावर घडतं, बाळंतपणासकट.

तरीही 'मुसल्लत' जिन्नाच्या आडून एक खरी गोष्ट बोलतो. दूर कमावायला गेलेल्या माणसाला सगळ्यात मोठी भीती काय असते? आपण घरी नसलो तरी घर चालतंय. आपल्या जागी कुणीतरी बसलंय, आणि कुणाला फरक कळत नाहीये.

डॉक्टर का हरतो

आता 'जिन चार्पमासी' (२०१३). नावाचा अर्थ 'जिन्नाचा तडाखा', आपल्या 'झपाटणं'च्या जवळचा. मेंदीच्या रात्री कुब्रा झपाटली जाते आणि नवरदेवाचा जीव घेते. तिची बालमैत्रीण एब्रू मानसोपचारतज्ज्ञ आहे. एब्रूचा जिन्नांवर विश्वास नाही. ती फारूक नावाच्या होजाला सोबत घेते, कॅमेरा घेते आणि सगळं रेकॉर्ड करायचं ठरवते. माग काढत ते किब्लेदेरे नावाच्या ओसाड गावापर्यंत पोचतात. तिथं निघतं ते आदल्या पिढीनं केलेलं आणि दडवलेलं पाप. फारूकचं काही चालत नाही. एब्रूला जिवंत गाडलं जातं.

आता 'भूलभुलैया' (२००७) आठवा, किंवा त्याचा मूळ मल्याळम 'मणिचित्रताळ' (१९९३). तिथंही झपाटलेली बाई, तिथंही डॉक्टर. पण तिथं डॉक्टर जिंकतो. तो विधीचं नाटक रचतो, पण आजार आजारच असतो. तुर्की सिनेमात डॉक्टर जवळजवळ नेहमी हरतो. त्याचं शिक्षण हा त्याचा अहंकार ठरवला जातो आणि त्याची शिक्षा त्याला मिळते. माझी पहिली तक्रार ही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्या वर्षाअखेर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी आलेल्या या सिनेमाकडे मी मराठी मुलगी म्हणून बघते, तेव्हा हरलेली डॉक्टर मला नुसतं कथानकातलं वळण वाटत नाही.

पण ही तक्रार इथेच सोडली तर सिनेमावर अन्याय होईल. आणि 'त्या लोकांच्या' अंधश्रद्धा म्हणून हे सिनेमे बघणाऱ्यांना तर मी आधीच थांबवते. आमच्या मावशीच्या घरी देवऋषीही येऊन गेला होता आणि आम्ही दर्ग्यातही गेलो होतो. त्या रांगेत सगळ्या धर्मांच्या आया होत्या.

सिनेमाच्या बाजूनं सांगायचं तर तो एक गोष्ट अगदी अचूक ओळखतो: बाहेरची बाधा बाहेरून येत नाही. 'सिज्जीन' बघा. ओझनूरचं तिच्या नात्यातल्या कुदरेतवर प्रेम आहे. त्याचं लग्न झालंय, बायको निसा, घरात मुलगी. ओझनूर करणी करणाऱ्याकडे जाते, आणि ती करणी सगळं घर पोखरते. दुखावणारी, बोलावणारी, लपवणारी सगळी माणसं एकाच ताटात जेवणारी. हे जगात कुठेही समजतं. २०२३ मध्ये इंडोनेशियात त्याचा 'सिज्जीन' याच नावानं रिमेक झाला, यात नवल नाही.

गुनाह आणि गुन्हा

'सिज्जीन' म्हणजे काय? कुराणात दुष्कर्म्यांच्या कर्मांची नोंद जिथं ठेवलेली असते ते. एक वही. कुणी काय केलं ते त्यात लिहिलेलं आहे आणि ते पुसलं जाणार नाही.

या नोंदीसाठी तुर्कीत शब्द आहे 'ग्यूनाह'. म्हणजे पाप. मूळ फारसी. तोच शब्द मराठीत आला आणि 'गुन्हा' झाला. आपल्याकडे तो देवळातून निघून पोलीस चौकीत गेला. गुन्ह्याला फिर्याद लागते, आरोपी लागतो, साक्षीदार लागतो. पापाला यातलं काहीच लागत नाही. पाप आपोआप नोंदलं जातं आणि आपोआप वसूल होतं.

माझी खरी तक्रार इथे आहे. या सिनेमांना माहीत असतं की घरात कुणीतरी काहीतरी केलंय. बहुतेक वेळा कुणी केलंय हेही माहीत असतं. पण ते सगळं पापाच्या खात्यावर टाकतात, गुन्ह्याच्या नाही. मग वसुलीला जिन्न येतो. आणि तो पाप करणाऱ्याकडे जात नाही, सोप्या जागी जातो. किब्लेदेरेत पाप थोरल्यांचं, फेडतात कुब्रा आणि एब्रू. बर्लिनला गेला नवरा, फेडते नुरजान. दोन बायकांमध्ये उभा कुदरेत, आणि सिनेमा मांडतो दोन बायकांचं वैर. हिशोब थोरल्यांचा, वसुली लेकीकडून.

आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याला एक अनुसूची जोडली आहे. भूत उतरवायच्या नावाखाली दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं. ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भयपटाची पटकथा वाचल्यासारखं वाटलं. पण ती उलट्या बाजूनं लिहिलेली पटकथा आहे. तिच्यात जिन्न नाही. तिच्यात बांधणारे हात आहेत. सिज्जीनसारखीच नोंद, फक्त ही माणसांनी माणसांसाठी ठेवलेली.

मिरची

ताईला मिरचीची धुरी दिली होती. मी बाहेर होते आणि मलाही खोकला आला होता. ती पुरुषी आवाजात शिव्या देत होती. कुणाला तरी सारखं म्हणत होती, 'परत खोलीत आलास तर चिरून टाकीन.' बाहेर सगळे हळू आवाजात बोलत होते की हा तिच्या अंगातला बोलतोय, विहिरीवरचा आहे, अमुक आहे, तमुक आहे. 'परत खोलीत आलास' म्हणजे कोण, कुठल्या खोलीत, हे कुणी विचारलं नाही. तिनं मला ते सांगितलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. खोली सासरची होती. येणारा दीर होता. शुद्धीत असताना तिनं हे दोनदा सांगून बघितलं होतं, आईला आणि सासूला. दोघींनी तिला गप्प केलं. अंगात आल्यावर मात्र तिला सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलता आलं. कुणी ऐकलं नाही, पण बोलता आलं.

म्हणून हे सिनेमे मी सोडू शकत नाही. झपाटलेली बाई बोलायला लागते तेव्हा ती खरं बोलते, हे त्यांना ठाऊक आहे. कुब्राच्या तोंडून निघणारं घाणेरडं वाक्यसुद्धा घरातल्या कुठल्यातरी बंद कपाटाची किल्ली असतं, आणि सिनेमा ती किल्ली घेऊन किब्लेदेरेपर्यंत जातो. आमच्या मावशीच्या घरात तेवढंही कुणी केलं नाही. पण तिथं पोचल्यावर सिनेमा ज्याचं नाव घ्यायला हवं त्याचं न घेता तीन अक्षरंवाल्याचं घेतो. आणि आपण घाबरून, म्हणजे खरं तर सुटका होऊन, झोपायला जातो.

गेल्या महिन्यात ताईला म्हटलं, यावर लिहितेय, तुझ्याबद्दल लिहू का? आता ती वेगळी राहते, शिवणाचे क्लास घेते. 'लिही,' म्हणाली. मग 'जिन चार्पमासी'ची गोष्ट विचारली. मी सांगितली, कुब्रा, एब्रू, फारूक, गाव, सगळी. ती काजं करता करता ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिनं एकच विचारलं.

'मग शेवटी पकडलं कुणाला?'

'कुणालाच नाही गं,' मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि दातानं दोरा तोडला.